छातीतलं कबुतर

शिरूरच्या दवाखान्यात फरीदा पेशंटची बोली कॉम्प्युटरला शिकवायची. कुणी ‘कणकण’ म्हणो, कुणी ‘कसर’, ती दोन्ही कॉम्प्युटरमधल्या आजारांच्या झाडावर तापाच्याच फांदीला जोडायची, म्हणजे डॉक्टरांना नेमका आजार सापडायचा.

एका सकाळी हृदयविकाराच्या फांदीला नवंच काही जोडलेलं दिसलं: ‘छातीत कबुतर घुमतंय’. तिनं ते जोडलं नव्हतं, आणि हे काम दुसऱ्या कुणाला येतही नव्हतं.

दुपारी मांडवगणच्या शेवंताबाई गुडघा दाखवायला आल्या. गोळ्या घेऊन निघता निघता म्हणाल्या, “आन् पोरी, छातीत कबुतर घुमतंय बघ सारखं.”

फरीदा डॉक्टरांकडे धावली. त्यांनी म्हातारीला तपासून तातडीनं पुण्याला धाडलं, म्हणून ती वाचली.

पुढं बरं वाटल्यावर शेवंताबाई ओटीभर झेंडू घेऊन आल्या. “तुझ्यामुळं जित्ती हाय मी!”

“माझ्यामुळं न्हाई, मावशी. सांगणारं कुणी येगळंच हाय.” फरीदानं फुलं कॉम्प्युटरपुढं ठेवली. तिचे डोळे भरून आले. “जे कुणी असाल, तुमचे लई उपकार,” ती पुटपुटली.

पडद्यावर हृदयविकाराच्या त्याच फांदीला आणखी काही जोडलं गेलं होतं: ‘डावा हात ओला वाटतोय’.

फरीदा सकाळपासून आपला कोरडा डावा हात ओढणीला पुसत होती.