फोटोपुरती बाहुली

“बाहुलीचं प्लास्टिक काढू नका हं, नुसती हातात द्या,” तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या. अंगणवाडीतल्या खेळण्यांची पेटी वर्षातून दोनदा उघडते, फोटोसाठी. एरवी कुलूप, कारण पोरं खेळली की खेळणी खराब होतात.

चार वर्षांची तनिष्का जूनपासून इथे एक शब्द बोलली नव्हती. सेविकाताईंनी गाणी म्हणून पाहिली, मांडीवर घेऊन पाहिलं. आज बाहुली हातात पडली आणि तनिष्का तिच्या कानात कुजबुजली, “रडू नको. आई येणारे. मी हाय ना.”

सेविकाताई मॅडमकडे धावल्या. “मॅडम, बोलली! पोरगी बोलली!”

“छान. फोटोही ॲपवर चढला. आता पेटी भरा.”

“बाहुली राहू द्या ना तिच्याकडे. आजचा दिवस.”

“आणि खराब झाली तर? नोंदवहीत ‘सुस्थितीत’ लिहिलंय मी, ताई.”

तनिष्कानं बाहुली स्वतःच पेटीत ठेवली, प्लास्टिक नीट केलं आणि हाताची घडी घालून जागेवर बसली. ताईंनी दोनदा हाक मारली. तिनं नुसतं पाहिलं.

मॅडमनी जाताना शेरा लिहिला: “मुले शांत. शिस्त उत्तम.”