चालू काम

तिच्या खोलीच्या दारात जिन्याखालचा आधीच येऊन बसला होता. नुसता बसला नव्हता, बिऱ्हाड घेऊन बसला होता. हत्यारांची पिशवी, मातीचं पोतं, गुंडाळलेली सतरंजी. तिला बघताच तो धडपडत उठला आणि काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. तिने मान फिरवली. गिधाडाशी काय बोलायचं?

आज पाहणी होती. संस्थेच्या मॅडम अजून तिच्या शेजारच्या चित्रकार मैत्रिणीच्या खोलीत होत्या.

संस्था तशी भली होती. बंद पडलेल्या कारखान्यात खोल्या पाडून ती कलावंतांना नाममात्र भाड्याने द्यायची. सगळ्यांना मिळून एक मोठी भट्टी होती. कुणी कुणाला फसवलं तर संस्था वकीलही गाठून द्यायची. नियम एकच, पण कडक. पाहणीच्या दिवशी खोलीत काम चालू दिसलं पाहिजे. कारणं ऐकायची नाहीत, कागद बघायचे नाहीत. मॅडम चित्राच्या रंगाला बोट लावून बघत, मातीत अंगठा दाबून बघत. अंगठा रुतला तर काम चालू. नाही रुतला तर खोली पुढच्या माणसाला. आणि पुढचा माणूस म्हणजे हा; पाहणीला त्याने सामानासकट हजर राहायचं, अशी रीत होती. खोलीची वाट बघत तो इतके दिवस जिन्याखालच्या कोपऱ्यात मूर्ती घडवत होता, की त्याचं खरं नाव सगळे विसरून गेले होते.

तिच्या खोलीत आई होती. मातीची, खांद्यापर्यंत. आई समोर स्टुलावर बसायची आणि कुरकुर करायची, "माझं नाक एवढं मोठं नाहीये गं. तुझ्या बापाचं लावलंयस." नाक झालं, डोळे झाले, हसू दाबून धरलेलं तोंडही झालं. केस तेवढे राहिले होते. मग एका दुपारी आईचं अर्धं अंग लुळं पडलं आणि ही तशीच मातीच्या हातांनी दवाखान्यात धावली. त्यानंतर ही तिथून हललीच नाही.

मातीला रोज पाणी लागतं, वरून ओलं कापड लागतं. वाळली की माती आकसते. आतला लोखंडी सांगाडा काही आकसत नाही. मग चेहरा फुटतो. हे सगळं तिला दवाखान्याच्या बाकड्यावर आठवलं, तेव्हा फार उशीर झाला होता. कुणाला सांगून काय उपयोग, म्हणून ती गप्प बसली. परवा आईही गेली. जाताना तिचं तोंड पार वाकडं झालं होतं. डोळे मिटले की तिला आता तेवढंच तोंड दिसायचं. सरळ तोंडाची आई या दाराआड होती, आणि आतापर्यंत तिचे तुकडे झाले असणार. कडीला हात लावायचा तिला धीर होत नव्हता.

त्यात मैत्रिणीचा तो फोन. "अगं, तो जिन्याखालचा रोज संध्याकाळी तुझ्या खोलीत शिरतो. मापं घेत असणार मेला!" दारांना कुलपं लावायची इथे पद्धत नव्हती. नुसत्या कड्या.

मॅडम आल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"कळलं मला. फार वाईट झालं."

"मॅडम, थोडे दिवस द्या मला. मी पुन्हा उभं करीन काम. पाया पडते तुमच्या."

मॅडमनी नजर खाली घातली. "आज तुझं ऐकलं तर उद्या कुणाला नाही म्हणू गं मी?"

आई गेली, आता खोलीही गेली. काय करावं तिला सुचेना, आणि मग सगळा राग जिन्याखालच्यावर निघाला.

"झालं का समाधान? रोज येऊन मापं घेत होतात ना? तिकडे माझी आई मरत होती आणि तुम्ही इथे भिंती मोजत होतात!"

"ताई, मी..."

"ताई म्हणू नका मला!"

मॅडमनीच शेवटी कडी काढली.

खोलीच्या मधोमध प्लॅस्टिक गुंडाळलेला आकार उभा होता. मॅडमनी मागच्या बाजूने प्लॅस्टिक वर केलं, खालचं कापड बाजूला सारलं आणि मानेपाशी अंगठा टेकवला. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"काम चालू आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता.

अंगठा नखापर्यंत रुतला होता. तिने पुढे होऊन कापड ओढलं. ते ओलंचिंब होतं. आई तिच्याकडे बघत होती, हसू दाबून, सरळ तोंडाने. कुठे एक चीर नाही. ती तिथेच खाली बसली आणि दवाखान्यात आलं नव्हतं ते सगळं रडू तिला आता आलं.

खोली तिचीच राहिली. मॅडम पुढच्या दाराकडे गेल्या. जिन्याखालच्याने मातीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि सतरंजी काखेत मारली. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला.

"तुम्ही?" ती कशीबशी म्हणाली. "अहो, पण हिला नुसतं वाळू दिलं असतंत, तर ही खोली आज तुमची होती."

तो दारात थांबला. खोलीवरून त्याने एकदा नजर फिरवली.

"पहिल्या दिवशी मापं घ्यायलाच शिरलो होतो, ताई. कापड उचलून बघितलं, तर म्हातारीचे ओठ सुकलेले. पाणी पाजल्याशिवाय कसं निघायचं?"