भरलेली जागा

नवापूरच्या एका हॅचरीत, म्हणजे कोंबडीची पिल्लं उबवण्याच्या केंद्रात, संगणकावर नोंदी ठेवायला माणूस हवा होता. लोणखेड्याहून आलेल्या चारुलताने लेखी परीक्षेत नोंदींतल्या सात चुका शोधल्या. मॅनेजर ईश्वरभाईंच्या उत्तरांच्या कागदावर सहाच होत्या. त्यांनी ताडून पाहिलं, तर सातवीही बरोबर निघाली. तरी त्यांना संशय आला.

"पेपर आधी कोणी दाखवला होता?"

"कोणी नाही," ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली.

"माझ्याकडे बघून बोल. काय लपवतेस?"

चारुलता टेबलाकडेच बघत म्हणाली, "मला ऑटिझम आहे. बाबांनी ते सांगू नको म्हटलंय. डोळ्यांत बघितलं की मला बोलायला सुचत नाही. काम जमतं."

ईश्वरभाईंनी फाईल मिटून तिच्यापुढे सरकवली. आवाज एकदम मऊ झाला. "अगं, सांगायचंच राहिलं. ही जागा कालच भरली."

"बरं," म्हणून ती उठली. बाहेर बाकावर पाच उमेदवार ताटकळत बसले होते. तिने त्यांना सांगितलं, "जागा कालच भरलीय. तुम्हीही घरी जा."

"जागा भरायनी, ते आम्हले कसाले बलावं?" एकजण चिडून ओरडला. सगळे उठले.

गलका ऐकून ईश्वरभाई धावत बाहेर आले. "अरे, बसा, बसा! जागा रिकामीच आहे."

जिन्यापर्यंत गेलेली चारुलता मागे फिरली. त्यांच्या शेजारून आत जाऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मग माझी मुलाखत पूर्ण करा."