खांद्यावरचा हात

"आवाज मागून येतोय," गाडीवाला म्हणाला. "वेग वाढला की घरघर सुरू होते. कुणीतरी जातं फिरवतंय असं वाटतं."

"मागून?" मेस्त्री मोठ्याने हसला. "माझ्या तर चाळीस वर्षं मागून आवाज येतोय." त्याने बायकोकडे बोट दाखवलं.

"कधी ऐकलात का?" ती म्हणाली.

गाडीवाल्याची सहा-सात वर्षांची मुलगी खुदकन हसली. डोंगरापलीकडे तिची आई वाट बघत होती. अंधार पडायच्या आत उतार उतरून जायचं होतं. पेट्रोलपंपावरच्या माणसाने गाडीवाल्याला सांगितलं होतं, चाकाचा आवाज असेल तर त्या म्हाताऱ्या मेस्त्रीकडे जा, तो नुसत्या कानाने सांगतो.

"बेअरिंग असणार," मेस्त्री म्हणाला. "पण डावं की उजवं ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. आणि साहेब, हे अंगावर काढायचं दुखणं नाही. उतारावर तुटलं तर चाक गाडीच्या पुढे पळतं."

मेस्त्रीला दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं; समोरच्याचं बोलणं तो ओठ बघून ओळखायचा. हे जगात त्याला आणि बायकोला, दोघांनाच ठाऊक होतं. गिऱ्हाइकाची गाडी तो चालवायचा आणि ती बरोबर त्याच्या मागे बसायची, तोल सांभाळायला धरावा तसा त्याचा खांदा धरून. उजवं चाक असेल तर उजवा खांदा दाबायची, डावं असेल तर डावा. गिऱ्हाइकं म्हणत, म्हातारा-म्हातारीला एकमेकांवाचून करमत नाही.

आज गाडीवाला म्हणाला, "मीच चालवतो. तुम्ही निवांत ऐका."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मेस्त्री त्याच्या शेजारी बसला. कान मागच्या चाकांकडे हवा, म्हणून मागे तोंड करून, सीटवर गुडघे टेकून. मागे ती आणि मुलगी.

डाव्या वळणावर घरघर वाढली. उजव्या वळणावर दबली. पुन्हा डावं वळण, पुन्हा तीच घरघर, तिच्या पायाखालून वर चढणारी. भार उजव्या चाकावर येत होता. शंकाच नव्हती. तिने हात लांब करून उजवीकडचा खांदा दाबला.

मेस्त्रीने डोळे मिटले, मान डोलावली. "कळलं. चला मागे."

गाडीवाला बघतच राहिला.

गॅरेजमध्ये परतल्यावर मुलीला तहान लागली. मेस्त्रीची बायको तिला आत घेऊन गेली. पाणी दिलं, तिची सुटलेली वेणी घालून दिली. मुलीची बडबड संपेना. आईने तिथे नवीन घर घेतलंय, तिथे तिला तिची तिची खोली आहे. बाहेर हातोडीचे ठोके पडत होते. बऱ्याच वेळाने ते मध्येच थांबले, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाले.

दोघी बाहेर आल्या तेव्हा चाक बसवून झालं होतं. मेस्त्री शेवटचे नट आवळत होता.

डाव्या चाकाचे.

नेहमी ती त्याच्या पाठीमागे असे. आज तो तिच्याकडे तोंड करून बसला होता. तिच्या उजवीकडचा खांदा म्हणजे त्याचा डावा.

काढलेलं बेअरिंग फडक्यावर पडलं होतं. तिने ते उचललं, बोटावर धरून फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. खडा नाही, खरखर नाही. मेस्त्रीच्या हातालाही हे कळलं असणारच. त्याचे कान गेले होते, बोटं नव्हती गेली.

ती त्याच्याजवळ वाकली. "अहो, उजवं होतं," ती हळूच म्हणाली.

मेस्त्रीला ऐकू जाईल असं बोलायचं तर ओरडावं लागलं असतं, गाडीवाल्यासमोर. पण तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग तिच्या हातातल्या बेअरिंगकडे. मग त्याने नजर काढून घेतली आणि हात पुसायला लागला. एकेक बोट, सावकाश.

"मानलं तुम्हाला," गाडीवाला म्हणाला. "तीन वळणांत ओळखलंत! मोठ्या वर्कशॉपमध्ये दिवसभर ठेवून घेतली असती गाडी. एक चक्कर मारून बघू या?"

ती मेस्त्रीकडे बघत राहिली. आता सांगेल. खोकेल, हसेल, म्हणेल थांबा साहेब, म्हाताऱ्याची चूक झाली.

"चक्कर कशाला?" मेस्त्री म्हणाला. नेहमीपेक्षाही मोठा आवाज. "अंधार पडायच्या आत पोचा. आणि थोडी घरघर येईल हं अजून. नवीन बेअरिंग रुळायला वेळ लागतो. घाबरून मध्येच थांबू नका."

मुलीने तिच्या कमरेला मिठी मारली. "येते आजी." दार लागलं. काचा वर गेल्या.

तिला सांगायचं होतं. चाळीस वर्षांत तिने त्याला चारचौघांत कधी खोटं पाडलं नव्हतं. ती जागच्या जागी उभी राहिली आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

मग तो आवाज आला. उजव्या चाकातून, मघाशी होता त्याहून जड.

"थांबा!" ती ओरडली. चपला तिथेच टाकून रस्त्यावर धावली. "अहो थांबा! चाक! दुसरं चाक!" दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत ती धावत राहिली. मागे गॅरेजच्या दारात मेस्त्री तिच्या पाठीकडे बघत उभा होता.

गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेत मुलगी गुडघ्यांवर उभी राहिली. आजीला धावत येताना बघून तिचा चेहरा फुलला. तिनेही दोन्ही हात डोक्यावर नेले आणि वळण येईपर्यंत हलवत राहिली.