हनुवटी

घड्याळजींनी डोळ्याला घड्याळदुरुस्तीचं भिंग लावलं आणि ठमी मांजरीचं तोंड दोन बोटांनी वर उचललं. पांढऱ्या हनुवटीवर काळे ठिपके, मिरपूड भुरभुरावी तसे. परवा बुटकीला होते. काल कबरीला.

चार मांजरांतल्या तिघींना. फौजदार नावाचा बोका तेवढा कोरडा सुटला होता, पण किती दिवस? एकीचं दुसरीला लागतंय, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

रविवारी लेक यायची होती, चार वर्षांच्या नातीला घेऊन, चांगली वर्षभर राहायला. नातीची कातडी इतकी नाजूक, की लोकरीचा स्वेटर घातला तरी अंगावर चट्टे उठायचे. लेकीने फोनवर स्पष्ट विचारलं होतं, "बाबा, मांजरांना काही त्वचेचं नाही ना? असेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडे खोली बघते."

"छे!" घड्याळजी छातीठोकपणे म्हणाले होते.

आणि आज शुक्रवार. त्यांनी दुकान बंद ठेवलं, तिघींना दोन टोपल्यांत घातलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार करून निळा दिवा तिघींच्या तोंडावर फिरवला. मग हनुवटीवरचं थोडं खरवडून काचपट्टीवर घेतलं आणि आतल्या खोलीत गेल्या. घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. ते दोन मिनिटं मागे होतं. एरवी त्यांचे हात शिवशिवले असते. आज ते मांडीवरून हललेसुद्धा नाहीत. मांजरं द्यायची कुणाला? तिघींना एकत्र कोण घेणार? आणि नाही दिली, तर नात यायची नाही.

"नायटा नाही, खरूज नाही," बाई दारातूनच म्हणाल्या. "मुरमं आहेत."

"काय?"

"मुरमं हो. तारुण्यपीटिका."

"या म्हातारीला?" ठमी अकरा वर्षांची होती.

"मांजरांना वयाची अट नसते. काही लावलंत का त्यावर?"

"खोबरेल तेल," घड्याळजी चाचरत म्हणाले. "आणि... चिमट्याने दोन-चार काढून पाहिले."

"घड्याळातला कचरा आहे का तो? दोन्ही आजपासून बंद. तेलाने छिद्रं आणखी बुजतात आणि चिमट्याने जखम होते."

"पण लागण नाही, तर तिघींना एकदम कसं?"

"जेवतात कशात?"

"प्लास्टिकचं एक पसरट भांडं आहे. जुनंच. तिघी एकत्र तोंड घालतात."

"चरे पडलेत त्याला?"

"पडलेत की."

"त्या चऱ्यांत खरकटं बसतं, जंतू वाढतात आणि रोज हनुवटीला लागतात. बहुतेक तेच भोवलंय. बोका कशात जेवतो?"

"तो कशातच नाही. पंजाने बाहेर ओढतो आणि फरशीवर खातो. त्यापायी रोज माझी बोलणी खातो."

"घरी गेल्यावर त्याची माफी मागा."

घड्याळजींना हसू आलं नाही. खरा प्रश्न अजून विचारायचाच होता. "घरी लहान नात येतेय. नाजूक कातडीची. तिला यातलं काही...?"

"अहो, हे मांजराचं मांजराला लागत नाही, तर नातीला कुठून लागणार?"

छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं घड्याळजींना. ते उठले आणि खुर्चीवर चढून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.

"बाई, हे दोन मिनिटं मागे आहे," ते म्हणाले. "राहवत नाही म्हणून सांगतो."

रविवारी स्वयंपाकघरात स्टीलच्या चार उथळ ताटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. नात फौजदाराच्या मागोमाग पलंगाखाली शिरली होती, आणि लेक बॅगासुद्धा न उघडता, ठमीला टॉवेलात गुंडाळून खिडकीपाशी बसली होती. घड्याळजींनी कोमट पाण्यात कापूस पिळला आणि ठमीच्या हनुवटीला लावून धरला.

"दाबायचं नाही, खरवडायचं नाही," ते म्हणाले. "नुसतं शेकायचं, मग बाईंनी दिलेल्या औषधाने पुसायचं. हळूहळू निवळतात म्हणे. ठणकत असेल का गं बिचारीला?"

"ठणकतात," लेक म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मी सोळा वर्षांची होते, बाबा. तुम्ही म्हणाला होतात, आरशासमोरून ऊठ आणि अभ्यासाला बस."

तिच्या आवाजात राग नव्हता. ठमी निसटू नये म्हणून ती टॉवेलाची कड घट्ट करत होती. घड्याळजींचा हात थांबला. खिडकीतला उजेड लेकीच्या चेहऱ्यावर पडला होता. तिच्या हनुवटीवर, डाव्या बाजूला, दोन बारीक खड्डे होते.

"खूप दुखायचं?" त्यांनी विचारलं.

"कुशीवर झोपता यायचं नाही."

लेक हसली.

"पाणी गार होतंय, बाबा."