आठ तासांची पूड

इंदापुरातल्या क्लासची मुलं जिना उतरून गेली, तेव्हा बानूबाई दाराशी उभ्या होत्या. फळा पुसता पुसता स्वरूपानं वळून पाहिलं आणि डस्टर हातातच राहिला. बारामतीच्या कॉलेजात ती संशोधन करायची तेव्हा बानूबाई त्याच प्रयोगशाळेत भांडी धुवायच्या, यंत्रं चालू-बंद करायच्या. त्याला सात वर्षं झाली होती.

"मावशी, तुम्ही? एवढ्या लांब?"

"सांगवीवरनं आले. बारामतीला यष्टी बदलली." बानूबाई पहिल्या बाकावर बसल्या. दिलेलं पाणी त्यांनी तसंच ठेवलं. "म्याडम, तुमची ती पूड आठ तासाची न्हवती."

कोणती पूड, हे स्वरूपाला विचारावं लागलं नाही.

गुऱ्हाळाच्या चुलवणातून, कारखान्याच्या धुराड्यातून जी उष्णता वाया जाते, तिची वीज करणारी एक पट्टी तिला बनवायची होती. पट्टीची एक बाजू तापलेली आणि दुसरी गार राहिली तर वीज निघते. पण उष्णता झिरपत पलीकडं जाते आणि दोन्ही बाजू सारख्याच तापतात. म्हणून पट्टीचा माल आधी बॉल मिलमध्ये, म्हणजे पोलादी गोळ्या भरलेल्या फिरत्या डब्यात, इतका बारीक दळायचा, की कणाकणाच्या कडेशी उष्णता अडावी आणि वीज मात्र पुढं जावी. तिच्या एका पट्टीनं बाकीच्यांच्या दीडपट वीज दिली. निबंध छापून आला. पुढं तिनं तसाच माल एकोणीस वेळा दळला, मोजून आठ तास. तो आकडा परत आला नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांनाही आला नाही. आकडे मनानं लिहिले, असं लोक बोलायला लागले. निबंध मागं घ्यावा लागला, तिच्या मार्गदर्शक सरांनी बोलणं टाकलं, पीएच.डी. राहिली ती राहिलीच.

"परवा नवे सर पोरांना सांगत व्हते," बानूबाई म्हणाल्या, "चोवीस तास दळा, तवा कुठं ती पट्टी चालती. भाईरदेशात कुणी तरी छापलंय म्हणं. मी फरशी पुसत व्हते. चोवीस ऐकलं अन् माझा हातच थांबला."

स्वरूपा समोरच्या बाकावर टेकली. "सांगा."

"त्या दिवशी तुमी नवाला मिल लावून पुण्याला गेला. पाचाला बंद करा म्हणला. चारला फोन आला, सुनेला कळा लागल्या म्हणून. मी कुलूप घालून पळाले. मिलचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाय. दुसऱ्या दिवशी नवाला येऊन बघते तर फिरतीच हाय." त्यांनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "वहीत पाच लिवलं. रोजंदारीवर व्हते मी. काढून टाकतील म्हणून भ्याले."

"आणि नंतर? एकोणीस वेळा, मावशी. तुमच्यादेखत."

"माझ्या चुकीनं काय तरी बिघडलं असंल, एवढंच वाटायचं मला. चांगलं झालं असंल, हे मनातच आलं न्हाय."

खाली रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जात होता.

"सरांना—" स्वरूपा म्हणाली आणि थांबली.

"सर गेल्यालं कळलं न्हवतं तुमाला?"

"कळलं होतं."

"मी लिवून देते. कुणाला सांगायचं त्याला सांगते. आता काढलं तरी चालंल मला."

स्वरूपानं नकारार्थी मान हलवली. "आता बाहेरच्या लोकांनी छापलंय ना."

बानूबाईंचे डोळे भरून आले. "मला त्या चुकीचं एवढं न्हाय वाटत, म्याडम. चूक कुणाच्या बी हातनं व्हती. पण तुमी पुण्यावरनं आल्या आल्या मिलचा डबा हातात घेतला अन् इचारलं, मावशी, हा गरम कसा? तवा सांगायला पायजे व्हतं. मी म्हणलं, टेबलावर ऊन आलं व्हतं. अन् तुमी बरं म्हणला. तुमी इस्वास ठेवला माझ्यावर."

स्वरूपानं खडूनं पांढरे झालेले तळहात एकमेकांवर झटकले.

"विश्वास नव्हे, मावशी," ती म्हणाली. "ती खोली उत्तरेकडची. तिथं ऊन कधी येतच नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं."