कडक की मऊ

गाडी दारात आणून उभी केली, तरी हा माणूस हात लावायला तयार नव्हता. याला काय म्हणावं? गिऱ्हाईक उन्हात उभं, आणि मेकॅनिक आपला फडक्याने बोटं पुसतोय. बोटं झाली की पाना. पाना झाला की पुन्हा बोटं.

"अहो, गाडी काय चावते का?" बाई म्हणाल्या.

"मालकाला विचारल्याशिवाय मी गाडीला हात लावत नाही." एवढ्या दाढीतून आवाज यायचा तो दबूनच आला. "मालक कुठेत?"

"फोटोत."

फडकं थांबलं.

"कधी?"

"थंडीत. झोपेतच गेले. कुणाला त्रास दिला नाही." बाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला. "आता मालक मी. मला विचारा."

तो आत नळावर गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. उकाडा होता खरा, पण म्हणून गिऱ्हाईक टाकून जायचं? बाईंनी त्याच्या पाठीला ऐकू जाईल अशा आवाजात नापसंतीचा सुस्कारा सोडला.

गाडी दोन दारांची, जमिनीला टेकलेली, एके काळी लालभडक. शर्यतीच्या गाडीसारखी दिसायची म्हणून बाईंच्या नवऱ्याने हौसेने घेतलेली. आता रंग विटकरी झाला होता, आणि खड्डा आला की बसणाऱ्याचे दात वाजायचे.

मेकॅनिक परत आला. पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून त्याने गाडी दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. थांबायचं नावच घेईना.

"शॉकअप संपलेत. चारी."

"चारी कशाला? डावा पुढचा तेवढा खडखडतो. तेवढाच बदला."

"जोडीनेच बदलायचे असतात, बाई. एक नवा, एक जुना ठेवला की गाडी एका अंगाला ओढते."

"ओढू दे. मीही आता एका अंगानेच चालतेय."

तो हसणार होता बहुतेक. हसला नाही. आतून खोकी काढून आणली.

"कंपनीचे आता बनत नाहीत. मागवायचे तर सोन्याच्या भावाने पडतील. हे जुने, तेल भरून रंगवलेले. स्वस्तात स्वस्त."

"म्हाताऱ्याला कलप लावल्यासारखे. नकोत."

"मग हे घ्या. साधे, पण नवे. झेपतील तुम्हाला. यात दोन प्रकार, कडक आणि मऊ. किंमत सारखीच."

"फरक काय?"

"कडक घातले तर वळणावर गाडी रस्ता सोडत नाही, पण खड्डा पाठीला कळतो. मऊ घातले तर बसायला आराम, मात्र पळवायची नाही. चालवणार कोण?"

"तिथंच तर घोडं अडलंय." बाई टायरांच्या चळतीवर बसल्या. "मुलगा होता घरात. न विचारता गाडी घेऊन गेला आणि मडगार्ड चेपवून आणलं. बाप म्हणाला, माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही. पोरगा शब्दाला पक्का. गाडीला हात लावला नाही, आणि घराच्या कडीलाही नाही."

मेकॅनिक खोक्याची चिकटपट्टी नखाने सोलत राहिला. "मग आता घरी कोण असतं?"

"रेडिओ असतो. बातम्या लावते. कुणीतरी भांडतंय असं वाटतं, बरं वाटतं."

"तो येईल असं वाटतं तुम्हाला?"

"मला वाटून शॉकअप ठरतात होय? आला, तर कडक लागतील. त्याला हळू चालवणं जमलंच नाही कधी. यायचाच नसेल, तर मऊ घाला. बाजारापर्यंत जाईन, परत येईन. एवढंच." बाईंनी हात झटकले. "तुम्हीच ठरवा. रोज गाड्या बघता."

"माझ्याकडे कुणी पाठवलं तुम्हाला?"

"टायरवाल्याने."

"टायरवाला फार बोलतो."

"कुणीतरी बोलायला नको का?"

त्याने गाडी जॅकवर चढवली आणि पाठ करून कामाला लागला. कुठलं खोकं उचललं, ते बाईंना दिसलं नाही. मध्येच चहा आला, बिनसाखरेचा. विचारायची पद्धतसुद्धा नाही! बाईंनी नावं ठेवायला तोंड उघडलं, मग गुपचूप प्यायल्या. साखर त्यांना चालतच नव्हती. चेपलेल्या मडगार्डापाशी त्याचा हात उगाचच रेंगाळला. कामात असा वेळ काढणारी माणसं बाईंना आवडत नसत. आज मात्र त्या बघत राहिल्या.

"झालं. एक फेरी मारून या."

"काय घातलंत?"

"फेरी मारून या, बाई."

बाईंनी सीट पुढे ओढली आणि गाडी काढली. शिंप्याच्या दुकानाशी वळण आलं. गाडी रस्त्याला चिकटून वळली. शाळेच्या भिंतीजवळ गतिरोधक होता. त्यावर चाक चढलं आणि कमरेतून थेट डोक्यापर्यंत कळ गेली.

बाईंनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंग घट्ट धरून तशाच बसून राहिल्या. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि बाजूने निघून गेला.

त्या परत आल्या तेव्हा मेकॅनिक दारातच उभा होता. पुन्हा बोटं पुसत. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती.

बाई उतरल्या. कमरेवर हात ठेवून गाडीला वळसा घातला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. काच खाली केली.

"मोडलीस माझी कंबर," त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "असले कडक घालणाऱ्याने गाडी स्वतः चालवायची असते. चल, बस. आणि आईला बाई म्हणणं आता पुरे कर."